पत्ता नसलेल्या मुलांची शाळा

दरवर्षी नाताळच्या तोंडावर आपल्या अनेक धर्मग्रामांतून वह्या, पेन्सिली, दप्तरे आणि उबदार कपडे गोळा केले जातात आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर, रेल्वेमार्गाच्या कडेला, उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचविले जातात. ज्या घरातून वही येते त्या घरातील बालकालाही या निमित्ताने देण्याची सवय लागते. सबब या उपक्रमाला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु वाचकांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा. डिसेंबरात भट्टीवर ज्या मुलाच्या हाती आपण वही ठेवली, ते मूल त्या दिवशी कोणत्या शाळेच्या पटावर होते? चौकशी केल्यास बहुधा असे आढळते की, त्याचे नाव दूरच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर आहे आणि तेथे ते दसऱ्यापासून गैरहजर आहे. भट्टीजवळच्या शाळेला मात्र असे एखादे मूल हद्दीत आल्याची खबरही नाही.

भटक्या व स्थलांतरित समाजांच्या शिक्षणाची खरी अडचण, आमच्या मते, येथे आहे. ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ हे वाक्य आपल्याकडे, अगदी चर्चच्या अंगणातसुद्धा, सहज ऐकू येते. ज्यांच्याविषयी ते उच्चारले जाते त्यांच्यापैकी कित्येकांनी आपल्या मुलाचे नाव एकदा नव्हे, दोन-दोन गावांच्या शाळांत घातलेले असते. आपली शाळा मात्र काही गृहीतकांवर उभी आहे. मूल वर्षभर एकाच गावात राहते, त्याच्या जन्माची नोंद झालेली आहे, त्याच्या वडिलांचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे आणि गुरुजी जी भाषा बोलतात तीच त्याच्या घरीही बोलली जाते, असे ती धरून चालते. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याला शाळा दारातून परत पाठवीत नाही. ते मूल दोन-तीन वर्षांत आपोआप गळून पडते. ही गळती कशी होते आणि तिला कोठे हात घालता येईल, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात आम्ही करीत आहोत.

प्रथम हे समाज कोणते, ते पाहू. महाराष्ट्र शासनाच्या मूळ यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती आहेत. बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार, बंजारा, राजपारधी, छप्परबंद ही विमुक्तांतील काही नावे; तर गोपाळ, वैदू, मसणजोगी, कोल्हाटी, डोंबारी, बहुरूपी, घिसाडी ही भटक्या जमातींतील. ही विभागणी मोठी गुंतागुंतीची आहे. फासेपारधी हे अनुसूचित जमातींत मोडतात, राजपारधी विमुक्तांत. कैकाडी समाज विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींत गणला जातो आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे टोपल्या विणीत फिरणारे कुटुंब जिल्ह्याची सीमा ओलांडून गेले की त्याचा प्रवर्गच बदलतो, आणि दोन जिल्ह्यांत जन्मलेल्या दोन भावंडांच्या कागदांवर दोन निरनिराळ्या नोंदी येऊ शकतात. कातकरी बांधव तर या यादीत येतच नाहीत. ते अनुसूचित जमातींपैकी असून कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन आदिम जमातींत त्यांची गणना होते. त्यांच्या वाड्या स्थिर असल्या तरी अर्धे वर्ष भट्टीवर जात असल्यामुळे त्यांच्या मुलांची शाळा भटक्यांच्या शाळेसारखीच तुटत राहते. म्हणून त्यांचाही विचार आम्ही येथे केला आहे.

या समाजांची एकूण संख्या किती, याचे पक्के उत्तर आजवर कोणापाशी नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये देशभरातील विमुक्त, भटके व निमभटके मिळून सुमारे १० कोटींहून अधिक लोक असावेत असा अंदाज दिला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने देशभरातील याद्या तपासल्या, तेव्हा अडीचशेहून अधिक समाज असे निघाले की ज्यांची नोंद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी एकाही यादीत नव्हती. येत्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबापर्यंत गणनेचा कर्मचारी पोहोचतो की नाही, यावर त्या नोंदीची किंमत ठरेल.

हजेरी

शाळेतील ‘हजेरी’ हा शब्द आपल्याला निरुपद्रवी वाटतो. पारध्यांच्या किंवा कैकाड्यांच्या आजोबांना तो तसा वाटत नसे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि एखाद्या जमातीत जन्म घेणे हीच गुन्हेगारीची खूण ठरविली. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप देण्यात आले. नोंदविलेल्या माणसाने ठरल्या वेळी पोलीस ठाण्यावर किंवा पाटलापुढे हजर राहायचे, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा तो जाच होता. अनेकांना कुटुंबकबिल्यासह काटेरी तारेच्या आत ठेवण्यात आले. सोलापूरच्या अशा वसाहतीतील माणसे तेथील कापडगिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाच्या आत येत. त्या भागाला सोलापुरात अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात.

या इतिहासातील एक भाग शिक्षणाशी थेट निगडित आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळेत किंवा उद्योगशाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला होता. अशा वसाहती चालविण्याचे काम सरकारने काही ठिकाणी ख्रिस्ती संस्थांकडे सोपविले. मुक्तिफौजेने उत्तर हिंदुस्थानात व अन्यत्र त्या चालविल्या. त्यांतील अनेक माणसे सद्‌भावनेने झटली, यात शंका नाही. परंतु या समाजांच्या आठवणीत पहिली शाळा ही कुंपणाच्या आतली, लेकरू ओढून नेणारी शाळा आहे. आज एखादी पारधी माता वसतिगृहाचे नाव काढताच मुलाला पदराआड घेते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्यापूर्वी हे आठवावे. तिच्या नकाराला तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनुसार ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. देश मुक्त झाल्यावर या लोकांना पाच वर्षे आणि सोळा दिवस थांबावे लागले. कायदा गेला, तरी त्याच्या जागी राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा आहे. गावात चोरी झाली की आजही पहिला छापा पालावर पडतो. त्या रात्री वडिलांना नेले जाते, आई ठाण्याबाहेर बसून राहते, आणि दहा वर्षांची मोठी बहीण धाकट्यांना सांभाळायला घरी थांबते. शाळेच्या पटावर त्या दिवसाची नोंद फक्त ‘गैरहजर’ एवढीच होते.

कागद

शिक्षणाच्या मदतीविषयी बोलताना आपण पुस्तके आणि शुल्क यांचा विचार करतो, कागदांचा करीत नाही. प्रत्यक्षात हुशार मूल दहावीपर्यंत पोहोचले की त्याला सर्वांत मोठा अडथळा होतो तो कागदांचा. विमुक्त जाती व भटक्या जमातींचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात वास्तव्यास होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जमातींसाठी हा दिनांक ६ सप्टेंबर १९५० आहे. ज्यांचे घर पाठीवर, त्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? १९६१ साली त्यांच्या आजोबांना कुंपणाबाहेर येऊन अवघी नऊ वर्षे झाली होती. त्यांच्या नावावर सातबारा नव्हता, घरपट्टी नव्हती आणि शाळेचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. तालुक्याच्या कार्यालयाने वस्तीवर येऊन चौकशी करावी, समाजातील वडीलधाऱ्यांचे जबाब घ्यावेत, अशी मागणी करता येते. पण ती करण्यासाठी कार्यालयाच्या चार-पाच फेऱ्या मारू शकणारा, लिहिता-वाचता येणारा आणि दरडावण्याने न घाबरणारा कोणीतरी सोबत लागतो.

जन्मदाखल्याचेही असेच. पालावर जन्मलेल्या बालकाची नोंद राहून जाते. एक वर्ष उलटले की ती करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विलंबित नोंदींची छाननी अधिक कडक केली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीनुसार त्या दिनांकानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा मानला जाणार आहे. ही बालके लवकरच बालवाडीच्या वयाची होतील. ज्यांची नोंद आज होणार नाही, त्यांची ओढाताण आपल्याला काही वर्षांनी दिसेल. बालक जन्मल्यावर एकवीस दिवसांत नोंद करणे विनाशुल्क असते, ही एक गोष्ट जरी आपल्या धर्मभगिनींनी आणि आरोग्यसेविकांनी प्रत्येक पालावर सांगितली, तरी ते हजार वह्यांच्या तोडीचे काम होईल.

केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत विमुक्त, भटक्या व निमभटक्या समाजांसाठी ‘सीड’ नावाची योजना आणली. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत स्पर्धा परीक्षांच्या मोफत मार्गदर्शनाचा समावेश होता. तिच्या दाराशीही पुन्हा समाजाचे प्रमाणपत्रच मागितले गेले.

भाषेचा प्रश्न आम्ही थोडक्यात मांडतो, मात्र तो लहान नाही. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची आहे. वडारांची भाषा तेलुगूशी नाते सांगते, कैकाड्यांची तमिळशी. बंजाऱ्यांची गोरमाटी आणखी निराळी. सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते तेव्हा मराठी ही त्याच्यासाठी बाजारात ऐकलेली परकी भाषा असते. गुरुजींना वाटते मूल मंद आहे. मूल मात्र नुसतेच ऐकत बसलेले असते. ज्या वस्त्यांवर त्याच समाजातील दहावी-बारावी झालेली मुलगी पहिली दोन वर्षे मदतनीस म्हणून वर्गात बसते, तेथे फरक पडतो. अशी मुलगी शोधणे आणि तिला नियमित मानधन देणे हे एखाद्या धर्मग्रामाच्या आवाक्यातले काम आहे.

भट्टी, फड आणि सिग्नल

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, मजुरीचे दसरा-दिवाळीनंतर. मराठवाड्यातून निघालेली ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याचा हंगाम आटोपेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, फडावर असते. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यामुळे आई मागे राहू शकत नाही आणि लेकरे मागे ठेवायला कोणी नसते. रायगड-पालघरच्या वाड्यांतील कातकरी भट्टीवर जातात ते पावसापूर्वी परततात. दोन्हीकडे मूळ आहे ते ‘उचल’ या प्रथेत. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादम आगाऊ रक्कम देतो आणि ती फेडण्यासाठी कुटुंब पुढचे सहा महिने बांधले जाते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, पण उचल त्याला वळसा घालून अद्याप चालू आहे. यामुळे मूल पहिल्या सत्राचे चार महिने शिकते, दुसरे सत्र पूर्ण चुकते आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर गावी येते. पुढील जूनमध्ये ते वरच्या वर्गात बसलेले असते आणि त्याला फळ्यावरचे काहीही समजत नाही. चौथी-पाचवीपर्यंत हे असे रेटले जाते. त्यानंतर मुलगा विटा उचलू लागतो आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टी निघतात.

या दुष्टचक्राला छेद देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वसईच्या परिसरात विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात ‘भोंगा शाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. मूल जेथे आहे तेथे शाळा न्यावी, ही त्यामागील कल्पना. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या त्या याच विचाराने. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी जून २०१६ मध्ये मालवाहू कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी, बहुतांशी मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतील ही मुले. शाळा भरते ती त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांसमोर, हे या शाळेचे मोठे बळ आहे.

दुसरा मार्ग निवासी शाळेचा. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ मध्ये पारधी मुलांसाठी निवासी प्रकल्प उभा राहिला. त्यामागे असलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कार्याची विचारधारा आपल्याहून वेगळी आहे. तरीही ज्या काळात पारध्यांच्या पालावर पोलिसांवाचून कोणी जात नव्हते, त्या काळात ही माणसे तेथे जाऊन राहिली हे मान्य केलेच पाहिजे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या पारधी समाजातीलच शिक्षकाने भीक मागणारी मुले गोळा करून ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. समृद्धी महामार्गासाठी २०१९ मध्ये या शाळेचे काही बांधकाम पाडले गेले, तेव्हा भटक्यांच्या शाळेलाही विस्थापित व्हावे लागते हे सर्वांनी पाहिले. शासनाच्या बाजूने म्हणावे तर विमुक्त-भटक्यांसाठी अनुदानित आश्रमशाळा आहेत, जिल्हा परिषदांची हंगामी वसतिगृहे आहेत आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर झाली आहे.

कामाच्या जागी शाळा की गावी वसतिगृह? आमचे मत असे की, लहान वयात मुलाला आईपासून तोडू नये. पहिली ते चौथीपर्यंत शाळा त्याच्यामागे जावी. पाचवीपासून मात्र सलग अभ्यासाला पर्याय नाही आणि तेथे वसतिगृहच हवे. एक अट त्यात कटाक्षाने पाळावी लागते. भावंडे एकत्र राहिली पाहिजेत, आईबापांना केव्हाही येऊन मुलाला भेटता आले पाहिजे आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले पाहिजे. दिवाळीला आणि आपापल्या देवकार्याला मुलांना घरी पाठविले पाहिजे. जेथे हे होत नाही तेथून मुले पळतात, आणि मग ‘यांना शिस्त नको असते’ असा शेरा मारला जातो.

आपल्या शाळांचे काय?

आता आपल्या दाराशी येऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. फिरत्या मुलांसाठी त्यातील तीन तरतुदी मोलाच्या आहेत. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यावी लागते. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाताना शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, या कारणास्तव प्रवेश अडविता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे. मूल गाव सोडताना मूळ शाळेने ते द्यायचे आणि नव्या गावच्या शाळेने ते पाहून मुलाला विनाविलंब वर्गात बसवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

हा कायदा आपल्या शाळांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ मध्ये, प्रमती प्रकरणात, अनुदानितांसह सर्व अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. त्याचे पुढे जे व्हायचे ते होवो. घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला शाळा चालविण्याचा हक्क आम्हाला प्रिय आहे आणि त्याच्या रक्षणासाठी आपल्या संस्था न्यायालयात गेल्या, हे योग्यच झाले. परंतु ज्या हक्कामुळे आपल्याला सूट मिळाली, त्या सुटीचा आधार घेऊन एखाद्या मुख्याध्यापकाने जानेवारीत दाराशी आलेल्या कातकरी मुलाला ‘जूनमध्ये या, जन्मदाखला घेऊन या’ असे सांगावे, हे आम्हाला पटत नाही. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला जे कायद्याने करावे लागते, ते करायला आपल्याला कोणी अडविलेले नाही.

अडचणी खऱ्या आहेत, हे आम्ही जाणतो. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाची ऑनलाइन नोंद मूळ शाळेकडून वर्ग करून घेण्याची कटकट असते. वर्गात आधीच गर्दी असते. काही पालक उघडपणे, काही आडून, ‘आमच्या मुलांशेजारी ही मुले नकोत’ असे सुचवितात. या शेवटच्या अडचणीबाबत शाळा-व्यवस्थापनाला धर्मग्रामाचा पाठिंबा हवा. देणगीची पेटी फिरविण्यापेक्षा हे अवघड आहे.

आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी चालविलेल्या वसतिगृहांतून आदिवासी मुलांच्या पिढ्या शिकल्या. तो अनुभव आज उपयोगी पडेल. प्रत्येक वसतिगृहात आठ-दहा जागा भट्टीवरच्या आणि पालावरच्या मुलांसाठी वर्षभर मोकळ्या ठेवाव्यात, जूनमध्येच भरून टाकू नयेत. ती मुले जूनमध्ये येत नाहीत. ती येतात ऑक्टोबरात, कुटुंब निघताना. दुसरी सूचना प्रायश्चित्तकाळातील संकलनाविषयी. त्यातील एक हिस्सा वस्तूंऐवजी माणसावर खर्च व्हावा. दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून एक पूर्णवेळ कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती नेमावी, शक्यतो त्याच समाजातील. मुलांची यादी ठेवणे, मूळ शाळेशी बोलणे, तहसील कार्यालयात आणि जन्मनोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहणे आणि मूल तीन दिवस दिसले नाही तर पालावर जाऊन विचारणे, हे तिचे काम. आईबाप दोघेही तुरुंगात असतील किंवा एकच पालक हयात असेल, तर शासनाच्या बालसंगोपन योजनेतून मासिक साहाय्य मिळू शकते. तो अर्जही तिनेच भरावा. अशा नेमणुकीचे छायाचित्र वह्यावाटपाच्या छायाचित्राइतके देखणे येत नाही, ही तिची एक उणीव म्हणावी लागेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. या मुलांचे देव, त्यांच्या यात्रा, त्यांचे कुलाचार हे त्यांचे आहेत. आपल्या वसतिगृहात किंवा शाळेत आलेल्या मुलाला शिक्षणाच्या बदल्यात कोणतीही अट नसावी, आणि तसे पालकांना त्यांच्या भाषेत, पहिल्याच दिवशी सांगितले जावे. आरोपांच्या भीतीपोटी हे करावे असे नाही. ज्यांच्या आजोबांना सुधारण्याच्या नावाखाली कुंपणात घातले गेले, त्यांच्याशी बोलण्याची ही रीतच आहे.

ज्यांना वाचनाची गोडी आहे त्यांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली आत्मकथने, तसेच डॉ. किशोर काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ अवश्य मिळवावे. धर्मग्रामाच्या वाचनालयात ही तिन्ही असावीत. पालावरून शाळेपर्यंतचे अंतर किती असते, ते तिथून चालत आलेल्यांनीच सांगितलेले बरे.

या वर्षीच्या तयारीसाठी फार वेळ उरत नाही. ज्या धर्मग्रामांच्या हद्दीत किंवा शेजारी वीटभट्ट्या आहेत, त्यांनी तेथे कोणकोणत्या वाड्यांतून कुटुंबे येणार आहेत आणि त्यांच्यासोबत शाळेच्या वयाची किती मुले आहेत, ही माहिती सप्टेंबरअखेर समाजकेंद्राकडे पोहोचवावी, म्हणजे मूळ शाळांकडून हमी कार्डे वेळेत मागविता येतील. भट्ट्या पेटेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. ही नावे भट्टीमालकाला आणि मुकादमाला पावसाळ्यातच ठाऊक झालेली असतात, कारण उचल तेव्हाच दिली जाते.